1 स्टार रिव्ह्यूला जुन्या गाड्यांच्या दुकानमालकाचं उत्तर: दिल्ली पासिंगची डिझेल क्रेटा

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्रीच वाचला होता, उत्तराला तीन दिवस लागले कारण आधी फाईल काढून तारखा बघितल्या, ऑफिसमधल्या पोरांना विचारलं आणि मगच लिहायला बसलो. तुमचं म्हणणं असं की दिल्लीची गाडी गोड बोलून गळ्यात मारली, टॅक्स 55 हजार सांगून 1 लाख 12 हजार भरायला लावला, एमएच नंबरला चार महिने घालवले, मीटर मागे केलेलं आहे आणि दुसरी चावी अजून दिली नाही. जिथे आमचं चुकलंय तिथे चुकलंय असंच लिहितोय, पण सगळंच काही आमच्या माथी नको.

टॅक्सचं आमचंच चुकलं. फोनवर जो मुलगा तुमच्याशी बोलला तो नवीन होता, त्याने सौदा 6 लाख 40 हजारांचा म्हणून त्यावरच हिशोब मांडला आणि 55 हजार सांगून मोकळा झाला. महाराष्ट्रात बाहेरच्या राज्यातली गाडी आणली की आरटीओ टॅक्स तुम्ही कितीला घेतली यावर धरत नाही, पहिल्या मालकाने शोरूममधून घेतली तेव्हाचं जे मूळ इनव्हॉइस असतं त्यावर धरतात आणि मग गाडीच्या वयाप्रमाणे कमी करतात. तुमच्या गाडीचं इनव्हॉइस 13 लाखांचं, डिझेल, म्हणजे 10 ते 20 लाखांच्या स्लॅबमध्ये 14 टक्के, सात वर्षांची सूट जाऊनसुद्धा आकडा लाखाच्या वर जाणारच होता. हे टोकन घ्यायच्या आधी तुम्हाला लेखी द्यायला पाहिजे होतं, दिलं नाही. हा पैसा सरकारात गेलाय, आमच्या खिशात नाही, तरी आमच्या सर्व्हिस चार्जचे 15 हजार मी तुम्हाला परत करतोय, रिव्ह्यू काढा म्हणून नाही, राहू दे तो तसाच. आणि दिल्लीत पहिल्या मालकाने जो वन टाइम टॅक्स भरलाय त्याचा उरलेल्या वर्षांचा रिफंड मागता येतो, एमएचचं आरसी आता हातात आलंय तर तो अर्ज आम्ही फुकट करून देऊ, पण तो पैसा कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही म्हणून आम्ही तो हिशोबात धरतच नाही.

आता चार महिन्यांचं. यात पहिले पाच आठवडे दिल्लीत गेले, गाडीवर बँकेचा बोजा होता तो उतरवायला बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आणि फॉर्म 35 लागतो, आणि वर पहिल्या मालकाची कॅमेऱ्याने पकडलेली ओव्हरस्पीडची सात चलनं पेंडिंग निघाली, ती भरल्याशिवाय दिल्लीवाले दुसऱ्या राज्यासाठी एनओसी देत नाहीत. ती चलनं आम्ही भरली, तुमच्याकडून एक रुपया मागितला नाही. दुसऱ्या राज्याच्या एनओसीचा अर्ज असतो त्या फॉर्म 28 वर चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून काढलेली प्रिंट लागते, आमची पहिली प्रिंट पुसट आली, एक आकडा 3 की 8 कळेना, म्हणून परत काढावी लागली, त्यात चार दिवस गेले, ते आमच्या खात्यावर धरा.

पण सर, त्यानंतरचं तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंच नाही. एनओसी अशी मोघम महाराष्ट्रासाठी मिळत नाही, त्यावर कुठल्या आरटीओत गाडी जाणार ते लिहिलेलं असतं. तुम्ही पुण्याचा पत्ता दिला म्हणून आम्ही एमएच 12 ची काढली, गाडी इथे आल्यावर कळलं की तुमचा भाडेकरार संपलाय, घरमालक नवीन करून देईना, आधारवर पत्ता सातारचा. मग तुम्हीच म्हणालात एमएच 11 वर घ्या. म्हणजे ती एनओसी परत दिल्लीला, ती रद्द, नवीन सातारची, पुन्हा सगळी रांग पहिल्यापासून. सात आठवडे त्यात गेले. तेव्हा तुमच्या घरी लग्न होतं, फोन लागत नव्हता, मी समजू शकतो, पण ते आठवडे आमच्या नावावर नका टाकू.

मीटरचं मात्र मला खरंच लागलं. सातारच्या मेकॅनिकने क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं बघून सांगितलं की गाडी लाखाच्या वर चाललीय, मीटरवर 61 हजार दिसतायत. आता दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये सात वर्षं चाललेली गाडी, दर दहा फुटांवर क्लच, रबर झिजणार नाही तर काय होणार? हायवेला लाख किलोमीटर मारलेल्या गाडीचं पेडल याच्यापेक्षा चांगलं निघतं. टोकनच्या आधी तुम्हाला सर्व्हिस सेंटरची हिस्ट्री पाठवलेली आहे, शेवटची नोंद 58 हजारांची, बघा एकदा. व्हिडिओ कॉलवर तुमच्यासमोरच सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवला, सीटच्या खालचे बोल्ट दाखवले, कारण 2023 च्या जुलैत यमुनेचं पाणी शिरलेल्या गाड्या बाजारात फिरतात आणि बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते, ती धुतली तरी जात नाही. तुमच्या बेल्टवर काही नव्हतं. तरी शंका असेल तर तुम्ही म्हणाल त्या कंपनीच्या वर्कशॉपला स्कॅन करून घ्या, बिल माझ्याकडे पाठवा, खोट निघाली तर गाडी परत घेतो.

गळ्यात मारली म्हणता, तर स्वस्त का होती ते पहिल्याच दिवशी सांगितलेलं. दिल्लीत डिझेलला 10 वर्षांची मर्यादा होती, एनजीटीचा म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाचा 2015 चा आदेश, 2018 ला सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला, आणि 2025 च्या जुलैत जुन्या गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असं निघालं, काही दिवसांतच थांबवलं पण लोक घाबरले ते घाबरलेच. त्या नियमाने तिथे तीन वर्षं उरलेली गाडी इथे अजून आठ वर्षं रजिस्ट्रेशनवर चालते, म्हणून तर लोक आणतात. टॅक्स, दिल्लीहून गाडी आणणाऱ्या कॅरियरचे 16 हजार सगळं धरलं तरी तुमची गाडी 7 लाख 70 हजारांच्या आत बसली, आणि पुण्यात त्याच मॉडेलला तुम्हीच साडेआठचा भाव काढून आला होतात.

राहिली चावी. ती दिल्लीहून कुरिअरने आली आणि आमच्या ड्रॉवरमध्ये दुसऱ्याच गाडीच्या पाकिटात जाऊन बसली, आज सकाळी सापडली, रबरबँड लावून तुमच्या नावाची चिठ्ठी चिकटवून ठेवलीय. शनिवारी आमचा माणूस सातारला एका गाडीच्या पासिंगला येतोय, 11 च्या सुमारास आरटीओच्या गेटवर असेल, त्याच्याकडे चावी आणि 15 हजारांचा चेक दोन्ही देतो. तुम्हाला यायला जमत नसेल तर दुकानाच्या नंबरवर मेसेज टाका, घरी आणून देईल.