अगला गेम मेरा

आज सकाळी दूध आणायला निघालो, तर कॉलनीच्या बास्केटबॉल कोर्टाला कुलूप. फाटकावर नवा कोरा फ्लेक्स: 'केवल बुकिंग पर. बाहरी व्यक्तियों का प्रवेश वर्जित.'

बाहरी म्हणजे कोण हो?

डोकं असं फिरलं की घरी येऊन ब्रूस हॉर्न्सबीचं 'द ओल्ड प्लेग्राउंड' लावलं, तेही मोठ्यांदा. १९८८चं गाणं, 'सीन्स फ्रॉम द साउथसाइड' या अल्बममधलं. गडी अमेरिकेतला, व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गचा. रॉकवाले सगळे गिटार बडवत असताना हा पियानो घेऊन बसला, आणि गाणं केलं ते मोहल्ल्यातल्या बास्केटबॉलवर. कोच नाही, युनिफॉर्म नाही. येईल तो खेळेल. आतेभावानं १९९० साली तिकडून कॅसेट आणली, तेव्हा इंग्रजी निम्मं डोक्यावरून गेलं. पियानो मात्र पहिल्याच फटक्यात कळला. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या सिमेंटच्या कोर्टावर चेंडू आपटायचा तो असाच.

त्या कोर्टावर एक पोहेवाल्याचा मुलगा यायचा. सकाळची गाडी आटोपून, भांडी घासून, संध्याकाळी अनवाणी. डावखुरा. बोटं हळदीनं कायम पिवळी, त्यामुळे त्याच्या हातून गेलेल्या चेंडूवर ठसे उठायचे. आम्ही हसायचो. एकदा टीम मी पाडत होतो आणि कुणाचा तरी मावसभाऊ नवे कोरे बूट घालून आलेला. मी बूट निवडले. हा बाहेर बसला. एक गेम, दोन गेम, तीन. मग उठून शांतपणे म्हणाला, "भिया, अगला गेम मेरा."

नियमच होता तो. अमेरिकेतही हाच आहे: जिंकणारा टिकतो, आणि 'पुढचा माझा' म्हणेल त्याला आपली टीम घेऊन उतरता येतं. कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. त्यानं कुणी न घेतलेली चार पोरं गोळा केली आणि आम्हाला धुतलं.

आता म्हणे ॲपवर स्लॉट घ्या! पोरांनी पोरं निवडायची, भांडायचं, हरल्यावर तोंड पाडून पायरीवर बसायचं, हे कुठल्या स्लॉटमध्ये बसवणार? नेस्मिथनं १८९१मध्ये पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ काढला. टोपल्या! आणि आम्हाला ताशी भाडं हवं.

हो, काचा फुटतात. शिव्याही ऐकू येतात. बोर्डाच्या परीक्षेत त्रास होतो. मान्य. पुढे.

आणि कुणी मला रेसकोर्स रोडचं बास्केटबॉल कॉम्प्लेक्स सांगू नका. ते आहे, उत्तम आहे, इंदूरला त्याचा अभिमान आहे. पण भांडी घासून झाल्यावर अनवाणी तिथवर कोण जातं?

इथवर तावातावानं लिहिलं आणि मघाशी गाणं परत लावलं. त्या माणसाचा डावा हात ऐका एकदा. उजवा वर काय हवं ते करतो, डावा खाली ठाम चालत राहतो. मला तो पोहेवाल्याचा मुलगाच दिसतो, कोपर बाहेर काढून, बास्केटखाली उडी घेत लेअप मारताना.

हरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाडीवर गेलो होतो. वाटलं, टोमणा मारेल. त्यानं काही न बोलता पोह्यांवर शेव घातली, जीरावन मसाला भुरभुरवला, परत मूठभर शेव घातली. सॉरी म्हणायचं राहिलं. अजून राहिलंय.

आणि आता खरं सांगतो, कारण तुम्ही घरचेच आहात. कुलपाचा ठराव गेल्या महिन्यात मीटिंगमध्ये आला, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. नऊ वाजले होते, भूक लागली होती, मागच्या काचेचं बिल माझ्याच घरचं होतं. 'बाहरी' हा शब्द मी वाचलासुद्धा नाही.

उद्या सेक्रेटरींकडे जातोय. चिडतील, चिडू देत. माळ्यावरचा जुना चेंडूही काढलाय, पार बसलाय. लोकमान्य नगरच्या बाजूला कुणाकडे हवा भरायची पिन आहे का? येऊन घेऊन जाईन.