पंचवीस हजारांत बिलबोर्ड मिळत नाही, भाऊ

धुळे-जळगाव-नंदुरबारच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "खान्देशची शान! अहिराणी गाण्याने मायकल जॅक्सनला हरवलं. थ्रिलरच्या सात कोटी कॅसेटी खपल्या, आपल्या गाण्याला दहा कोटी व्ह्यूज. बिलबोर्डवर पहिला नंबर आपलाच होता, पण खेड्यातली बोली म्हणून दाबून ठेवला. जॅक्सनची एका वर्षात १३ गाणी एक नंबरला होती, तीही पैसे चारून. आता तुमचं गाणंही बिलबोर्डवर आणा. पॅकेज २५ हजारांपासून, १५ दिवसांत गॅरंटी." खाली मोबाइल नंबर. (बिलबोर्ड म्हणजे रस्त्यावरचा फलक नव्हे, दर आठवड्याला गाण्यांची क्रमवारी काढणारं अमेरिकेतलं संगीताचं मासिक.)

नुसती फुशारकी असती तर कोणी लक्षही दिलं नसतं. पण आमचा भाचा गाणी करतो, बरी करतो, आणि तो या नंबरवर पैसे पाठवायला निघाला होता. घरातले मोठेही "पोरगं नाव काढील" म्हणून गप्प बसले. म्हणून हा खटाटोप.

आधी तो सात कोटी विरुद्ध दहा कोटींचा हिशेब. कॅसेट घेणारा एकदा पैसे मोजतो, मग ती झिजेपर्यंत वाजवली तरी खप एकच धरला जातो. व्ह्यू फुकट असतो आणि एकाच पोराने दिवसभर गाणं लावलं की आकडा चढत जातो. या दोन्हींची सांगड घालायचं सूत्र अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेकडे, म्हणजे आरआयएएकडे, आहे: १५० स्ट्रीम (गाणं नेटवरून एकदा वाजलं की एक स्ट्रीम) म्हणजे एक सिंगल, म्हणजे एक सुटं गाणं, १५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम. म्हणजे दहा कोटींचे झाले सुमारे ६ लाख ६६ हजार सिंगल. गोल्ड या खपाच्या मानाला ५ लाख लागतात, ते जमलं. त्यावरच्या प्लॅटिनमला १० लाख लागतात, ते हुकलं. आणि हे सुद्धा सगळेच्या सगळे दहा कोटी व्ह्यूज अमेरिकेतून आले असते तर. थ्रिलर एकट्या अमेरिकेत ३४ वेळा प्लॅटिनम आहे.

शिवाय कोणतं थ्रिलर? मेसेज लिहिणाऱ्याला सिंगल आणि अल्बम यांतला फरकच माहीत नसावा. बिलबोर्डची गाण्यांची यादी वेगळी, तिचं नाव हॉट १००, ती ४ ऑगस्ट १९५८ पासून चालू आहे. अल्बमची यादी वेगळी. १९८२ च्या अखेरीस आलेला थ्रिलर हा अल्बम ३७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. त्यातल्या नऊ गाण्यांपैकी सात सिंगल म्हणून निघाली आणि सातही पहिल्या दहात गेली, पण पहिल्या क्रमांकावर पोहोचली दोनच: 'बिली जीन' सात आठवडे आणि 'बीट इट' तीन आठवडे. ज्याचा व्हिडिओ सगळ्या जगाने पाहिला ते 'थ्रिलर' हे गाणं चौथ्या क्रमांकावर थांबलं. व्हिडिओ गाजणं आणि चार्टवर पहिला येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इथेच कळायला हवं होतं.

१३ हा आकडा खरा आहे, "एका वर्षात" ही थाप. १९७२ चं 'बेन' ते १९९५ चं 'यू आर नॉट अलोन', अशी तेवीस वर्षांत मिळून तेरा. एकाच अल्बममधून सर्वांत जास्त म्हणाल तर 'बॅड'मधली पाच, १९८७-८८ मध्ये. तो सुद्धा तेव्हाचा विक्रमच होता.

"पैसे चारून" या आरोपात अर्धं तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. जॅक्सनबद्दल नव्हे, चार्टांबद्दल. अमेरिकेत रेडिओवाल्यांना पैसे देऊन गाणी वाजवून घेण्याची रीत होती, तिला पेओला म्हणत. १९५९-६० मध्ये त्यावर मोठा गदारोळ झाला आणि कायदा करावा लागला. १९९१ पर्यंत दुकानदार फोनवर सांगेल तोच खप धरला जाई, त्यामुळे दुकानदाराला खूश ठेवायचे प्रकार चालत. १९९१ मध्ये बारकोड वाचून झालेली विक्री मोजणारी साउंडस्कॅन पद्धत आली आणि ती वाट बरीच बंद झाली. म्हणजे हा मेसेज विकतोय ती युक्ती निदान तीस वर्षं शिळी आहे.

आता "पहिला नंबर आपलाच होता, पण दाबला."

बिलबोर्ड हॉट १०० मध्ये जगभरचे व्ह्यूज कधीच मोजले जात नाहीत. मोजतात ते अमेरिकेतलं रेडिओवरचं वाजणं, अमेरिकेतली विक्री आणि अमेरिकेतलं स्ट्रीमिंग, तेही शुक्रवार ते गुरुवार अशा एका आठवड्याचं. साक्रीत, पाचोऱ्यात, शहाद्यात बसून कितीही प्ले दाबले तरी त्या यादीत शून्य. रावेरच्या केळीचे घड मोजून शिकागोच्या बाजारातला मक्याचा भाव काढण्यातला हा प्रकार.

पुरावा हवा तर दक्षिण कोरियाचा गायक साय याचं 'गंगनम स्टाइल' घ्या. २१ डिसेंबर २०१२ ला यूट्यूबवर शंभर कोटी व्ह्यूज ओलांडणारा तो पहिला व्हिडिओ. आपल्या लग्नांतही तेव्हा तोच नाच होता. हॉट १०० वर तो सात आठवडे दुसऱ्याच क्रमांकावर अडकून पडला, कारण यूट्यूब तेव्हा गणतीत नव्हतं आणि अमेरिकी रेडिओवर मरून ५ या बँडचं 'वन मोअर नाइट' जास्त वाजत होतं. फेब्रुवारी २०१३ पासून यूट्यूबचे अमेरिकेतले व्ह्यूज धरू लागले. तरी पुढे काय झालं? यूट्यूबच्या इतिहासात सर्वाधिक पाहिलेला व्हिडिओ म्हणजे 'बेबी शार्क'. हॉट १०० वर त्याची सर्वांत वरची जागा ३२. बत्तीस! व्ह्यूजवर पहिला नंबर ठरत असता तर तो मासा अजून तिथेच बसला असता.

आणि ताजी गोष्ट: फुकट ऐकलेलं आणि पैसे भरून ऐकलेलं यांना सारखं वजन मिळत नाही, यावरून वाजलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये यूट्यूबने जाहीर केलं की १६ जानेवारी २०२६ नंतर अमेरिकी चार्टांसाठी आपण बिलबोर्डला आकडे देणार नाही. म्हणजे यूट्यूबचे व्ह्यूज वाढवून बिलबोर्डवर नेण्याचं पॅकेज विकणारा माणूस, ज्या दाराला आता कुलूप लागलंय त्याचं भाडं मागतोय.

बोलीवरून डावलल्याचं रडगाणंही पोकळ आहे. १९६३ मध्ये क्यू साकामोतो यांचं जपानी गाणं हॉट १०० वर तीन आठवडे पहिलं होतं. २०१७ मध्ये स्पॅनिश 'देस्पासीतो' सोळा आठवडे. भाषा आड येत नाही, अमेरिकेतला श्रोता लागतो.

अहिराणीचं यश मात्र खोटं नाही. 'हाई झुमकावाली पोर' कोट्यवधी लोकांनी पाहिलं, महाराष्ट्रभर वाजलं, आणि ज्यांना अहिराणीचं अक्षर कळत नाही ते त्यावर नाचले. त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की अहिराणी गाण्याचं खरं वाजणं कुठल्याच यादीत येत नाही, कारण ते डीजेच्या पेनड्राइव्हवरून हळदीत आणि वरातीत होतं. तिथे ना स्ट्रीम, ना विक्री. त्याचे पैसेही येत नाहीत: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) नुसार लग्नसमारंभ आणि वरात यांत गाणं वाजवणं हा भंग धरत नाहीत. हे दुखणं खरं आहे. पण त्यावर औषध म्हणून कोणी बनावट बिलबोर्ड विकावं, हे जास्त संतापजनक.

आता त्या पॅकेजकडे येऊ, कारण नुकसान तिथे आहे.

असे एजंट देतात काय? चार-पाच ठरलेले प्रकार आहेत. पहिला, गुगलच्या जाहिराती. तुमचं गाणं दुसऱ्या व्हिडिओच्या आधी जाहिरात म्हणून लावतात. ३० सेकंद पाहिलं किंवा क्लिक केलं की व्ह्यू धरतात. हा प्रकार कायदेशीर आहे, तुम्ही स्वतःही करू शकता, त्याला एजंट लागत नाही. पण चार्टसाठी तो निकामी आहे. जुलै २०१९ मध्ये बादशाहच्या 'पागल'ला २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचं जाहीर झालं होतं. त्यात जाहिरातींचा मोठा वाटा होता आणि यूट्यूबने तो विक्रम म्हणून घोषित केला नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये तर नियमच केला: जाहिरातीतून आलेले व्ह्यूज यूट्यूबच्या स्वतःच्या म्युझिक चार्टमध्ये मोजणार नाही. जिथे यूट्यूब स्वतः मोजत नाही, तिथे बिलबोर्ड काय मोजणार?

दुसरा प्रकार बॉटचे, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामने दिलेले व्ह्यूज. हे स्वस्त पडतात आणि सर्वांत घातक असतात. यूट्यूब ते मागाहून कापतं, वर चॅनलवर कारवाई होऊ शकते. स्पॉटिफाय २०२४ पासून उघड बनावट स्ट्रीम सापडले की त्या गाण्यामागे डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे तुमचं गाणं स्ट्रीमिंगवर पोहोचवणाऱ्या कंपनीला, दंड लावतं. डिस्ट्रिब्युटर तो तुमच्याकडून वसूल करतो किंवा गाणं सगळीकडून उतरवतो. मग "मी काही केलं नाही, एजंटने केलं" हे कोणी ऐकत नाही, कारण खातं तुमच्या नावावर असतं.

तिसरा प्रकार आयट्यून्सच्या यादीचा. आयट्यून्स म्हणजे अॅपलचं गाणी विकायचं ऑनलाइन दुकान, तिथे गाणी विकत घेणारे आपल्याकडे मूठभर. त्यामुळे काही खरेद्या एकाच दिवशी केल्या की एखाद्या प्रकाराच्या यादीत गाणं काही तास वर दिसतं. त्या तासाचा स्क्रीनशॉट काढतात आणि खाली "इंटरनॅशनल चार्ट नंबर वन" लिहितात. चौथा, पैसे घेऊन बातमी छापणाऱ्या वेबसाइटवर लेख. पाचवा, सरळ फोटोशॉप.

हे ओळखायला फार शिकावं लागत नाही. यूट्यूब स्टुडिओत अ‍ॅनालिटिक्स उघडा आणि ट्रॅफिकचा स्रोत बघा. "यूट्यूब अ‍ॅडव्हर्टायझिंग"ची ओळ सर्वांत वर असेल तर व्ह्यूज विकतचे आहेत. मग भूगोल बघा. अहिराणी गाण्याला जळगाव, धुळे, नाशिक, सुरत, पुणे, कल्याण दिसायला हवं. ज्या देशात खान्देशी माणूस औषधालाही नाही तिथून लाखो व्ह्यूज आले असतील तर समजून जा. प्रेक्षक टिकण्याचा आलेख तिसाव्या सेकंदानंतर कड्यावरून कोसळल्यासारखा पडला असेल तरी तेच. व्ह्यूज पाच लाख आणि कमेंटी चौदा, हे तर स्टुडिओ न उघडताही दिसतं. आणि "बिलबोर्डवर आलं" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: कोणती यादी, कोणत्या तारखेची, कितवा क्रमांक? यादीचं नाव आणि तारीख आल्याशिवाय पुढे बोलू नका.

भारतातलं ऐकणं खरोखर मोजणाऱ्या बिलबोर्डच्याच याद्या आहेत, हे मेसेजवाल्याला ठाऊक नसावं. सप्टेंबर २०२० पासून दोनशेहून जास्त देश-प्रदेशांचा ग्लोबल २०० आहे, २०२२ पासून भारताच्या गाण्यांची वेगळी यादीही आहे. तिथे जागा मिळवायची तर गाणं ऑडिओ स्ट्रीमिंगवर असायला लागतं, आणि आपल्याकडची कितीतरी गाणी फक्त यूट्यूबवर टाकून सोडून दिलेली असतात. पंचवीस हजार खर्च करायचेच असतील तर तिकडे करा.

गाण्याची डब्ल्यूएव्ही फाइल घ्या, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट किंवा त्याहून चांगली. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली एमपीथ्री चालणार नाही. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर मोबाइल नंबर आणि "बुकिंगसाठी संपर्क" लिहू नका, त्यावरून परत येतं. कलाकाराच्या नावाचं स्पेलिंग दर गाण्याला एकच ठेवा. एकदा एक 'ए', एकदा दोन, असं केलं की दोन प्रोफाइल तयार होतात आणि श्रोते विभागले जातात. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. डीजे रिमिक्सला नवा घ्यावा लागतो, जुनाच चिकटवला तर दोन गाण्यांचा हिशेब एकमेकांत मिसळतो. तारीख शुक्रवारची ठरवा, फाइल तीन-चार आठवडे आधी चढवा, आणि स्पॉटिफायच्या कलाकार-खात्यातून किमान सात दिवस आधी त्यांच्या संपादकांना गाणं सुचवा. वर्षात हजार स्ट्रीम झाले नाहीत तर स्पॉटिफाय त्या गाण्याचा पैसा देत नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

सर्वांत जास्त भांडणं होतात ती बीटवरून, म्हणजे गाण्यामागच्या तयार संगीतावरून. नेटवरून घेतलेला बीट इतर पन्नास जणांनीही घेतलेला असतो. त्यावर कंटेंट आयडी, म्हणजे दुसऱ्याच्या व्हिडिओत आपलं संगीत शोधून हक्क सांगणारी यूट्यूबची सोय, चालू केला की सगळे एकमेकांवर दावे लावतात आणि पैसे अडकतात. बीट फक्त तुमचाच असेल तरच कंटेंट आयडी चालू करा. गीतकार, संगीतकार, गायक, चॅनलवाला यांचा वाटा शूटिंगच्या आधी कागदावर लिहून सह्या घ्या. गीतकार-संगीतकाराने आयपीआरएसचं, म्हणजे त्यांच्यासाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्यावं. लग्नातलं वाजणं सुटलं तरी रेडिओ, टीव्ही, हॉटेल, जाहीर कार्यक्रम यांचा वाटा तिथूनच येतो.

ज्यांनी पॅकेजचे पैसे आधीच पाठवले असतील त्यांनी लाज धरून बसू नये. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आणि तो नंबर घेऊन लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कराल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आणि चॅनलचा पासवर्ड किंवा मॅनेजरचा अधिकार एजंटला दिला असेल, तर फोन लावायच्या आधी तो काढून घ्या.