‘पैसे चौपट, दसरा हुकला आणि गाडी खालून काळीसुद्धा नाही’ : या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं, की नाक्यावर अडीच हजारात तासाभरात अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला गंज लागू नये म्हणून मारायचा थर) होतं आणि आम्ही त्याच्या कितीतरी पट घेतले. सॅंडब्लास्ट (जोराने वाळूचा मारा करून गंज काढणं) न करता पोरं हाताने खरवडत बसली. तुमची जुनी फियाट, प्रीमियर पद्मिनी, दसऱ्याच्या पूजेला मिळाली नाही. खालून काळी चकचकीत करायची ती राखाडी केली, सायलेन्सर तर तसाच सोडला. आणि घरी नेल्यावर पायरीखालून तपकिरी थेंब गळून ओटीवरची कोटा फरशी खराब झाली.

२०२३ च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचा मेळा भरला, तेव्हापासून वाड्यांतून झाकून ठेवलेल्या फियाट आमच्याकडे जरा जास्तच येतात. हेच प्रश्न त्या मालकांनाही पडतात, म्हणून सगळ्यांना दिसेल असं इथेच लिहितो.

आधी थेंबांचं, कारण त्यात घाईने काही करून बसाल अशी भीती वाटते. तो गंज नाही आणि इंजिन ऑइलही नाही. ते कॅव्हिटी वॅक्स आहे, म्हणजे पोकळ भागात गंज धरू नये म्हणून मारायचं मेण. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते. बॉडी आणि तळ एकच, आणि बराचसा भार दारांखालच्या दोन पोकळ पेट्यांवर. त्या पेट्या बाहेरून कितीही रंगवा, गंज आतून खातो. ब्रश आत पोचत नाही, म्हणून लांब नळी घालून आत वॅक्स फवारतो. जोडांच्या फटीत शिरावं म्हणूनच ते पातळ असतं. सुरुवातीला, आणि पुढेही ऑक्टोबरच्या उन्हात गाडी तापली की, जास्तीचं वॅक्स खालच्या भोकांतून टपकतं. टपकतंय म्हणजे भोकं उघडी आहेत. कृपा करून ती एम-सील लावून बुजवू नका. खाली पुठ्ठा टाका हे डिलिव्हरीच्या कागदावर लिहिलेलं आहे. फरशीवरचा डाग टर्पेंटाइनच्या बोळ्याने निघेल. नाही निघाला तर आमचा मुलगा येऊन काढून देईल.

भोकांचं एवढं का, तर तुमच्या गाडीची भोकं कुणीतरी आधीच बुजवली होती. आमच्याकडे आली तेव्हा खालून काळीभोर होती, तुम्हाला आत्ता हवी आहे तशीच. नाक्यावरचंच डांबरी कोटिंग. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो: पुढे टणटण, आणि ड्रायव्हरच्या पायाखाली आलो की बद्द आवाज. तिथे पटाशी लावली तर डांबराचा तळहाताएवढा पापुद्रा सुटून हातात आला. त्याच्या आतल्या बाजूला पत्र्याचे तपकिरी पदर चिकटलेले होते आणि वर बघितलं तर गाडीतलं रबरी मॅट दिसत होतं. डांबर जुनं झालं की कडक होतं, चिरतं. चिरेतून पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नसते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो थराला आतून उचलत जातो. वरून मात्र सगळं झकास.

डावी पेटी उघडल्यावर आत टणक झालेला करडा गाळ निघाला, त्यात कडुनिंबाची पानं अख्खीच्या अख्खी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी गाडीच्या दारापर्यंत चढलं होतं, हे तुम्हीच सांगितलं होतंत. पाणी ओसरलं, गाळ तिथेच राहिला आणि ओल धरून बसला. फोटो पाठवले, तुमचा ‘करा’ असा मेसेज आला, तेव्हाच ग्राइंडर हातात घेतला. बिलातला मोठा आकडा या पत्रेकामाचा आहे. कुजलेला भाग कापणं, नवीन पत्रा वाकवून बसवणं, वेल्डिंग, जोडांना सीलर. रंगाचा खर्च त्यामानाने किरकोळ. अडीच हजारात हे कुणी करत असेल तर मीच माझ्या गिऱ्हाइकांना तिकडे पाठवीन.

सॅंडब्लास्ट मुद्दाम टाळलं. जाड चासीला ते उत्तम, पण या गाडीच्या पातळ पत्र्यावर जोरात मारलं की पत्रा लाटा धरतो, आणि बारीक दाणे पेट्यांत जाऊन बसले की पुन्हा गाळासारखीच ओल धरतात. म्हणून पटाशी, वायर ब्रश, थिनर. सुटा गंज पूर्ण काढून, खड्ड्यांत जो राहतो त्यावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं कन्व्हर्टर. नुसतं कन्व्हर्टर जाड गंजावर फासून काही होत नाही, ते वरच्या थरातच संपतं. मग दोन भाग मिसळून मारायचा इपॉक्सी प्रायमर, वर रंग, आणि चाकांच्या कमानीत खडे लागतात म्हणून तिथे दाणेदार स्टोनगार्ड.

दसरा हुकला याचं वाईट मलाही वाटतं. गाडीची पूजा घरच्या दारातच व्हायला हवी, बडोद्याच्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. पण पाऊस यंदा नवरात्रात गरब्यातसुद्धा हजर होता. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की आम्ही रंगाची गन हातात घेत नाही. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) निदान ३ अंश वर लागतं. नाहीतर डोळ्यांना न दिसणारा दमटपणा पत्र्यावर असतो आणि आपण तो प्रायमरखाली कोंडतो. उघडा केलेला पत्रा अशा हवेत रातोरात तांबूस होतो, मग तो पुन्हा घासायचा. तुम्ही रोज फोन करत होतात आणि मी रोज ‘आज नाही’ म्हणत होतो, तुमचं चिडणं समजू शकतो. तरी पुढच्या वेळीही हेच करीन.

राखाडी रंग अंदाजपत्रकात लिहिलेला होता. फिक्या रंगावर गंजाचा पहिला ओघळ लगेच दिसतो, काळ्यावर पत्रा फुगेपर्यंत कळत नाही. विकायची गाडी काळी करावी, ठेवायची राखाडी. सायलेन्सर तापतो, त्यावरचा साधा रंग जळून वास मारतो, म्हणून तो तसाच सोडला. प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकचे पाइप, हँडब्रेकची केबल आणि रबरी बुश हेही रंग लागू नये म्हणून झाकून ठेवले होते.

मे अखेरीस, पावसाच्या आधी, गाडी घेऊन या. लिफ्टवर चढवून भोकांत तार घालून बघू, स्टोनगार्ड कुठे उडालं असेल तर तेवढंच हात मारू. त्याचे पैसे नाहीत. आणि तोवर धुलाईवाल्याला खालून डिझेल किंवा जळकं ऑइल फवारू देऊ नका. ते फुकट मारून देतो म्हणतात, पण त्याने पाट्यांचे (मागच्या स्प्रिंगांचे) रबरी बुश फुगतात आणि आमचं वॅक्स विरघळतं.