“धूळ-पाणी बघणं डॉक्टरचं काम नाही” म्हणे!

नवीन दवाखाना टाकणाऱ्यांसाठी एक मेसेज सध्या सोलापुरात फिरतोय. ‘गाळा घेताना मेन रोड, शेजारी मेडिकल आणि पार्किंग एवढंच बघा. धूळ, आवाज, पाणी हे महापालिकेचं काम. आजारी वस्ती असेल तर उलट चांगलंच, ओपीडी भरलेली राहते.’ तीन ज्युनिअरनी मला तो पाठवला, त्यातल्या एकाने तर डिपॉझिटही देऊन टाकलं होतं.

मेन रोडवर बोर्ड दिसतो, कबूल. पण केंद्राने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या यादीत आपलं सोलापूर आहे, ते हवा चांगली आहे म्हणून नव्हे. रस्त्याकडे तोंड असलेल्या गाळ्यात सकाळी टेबल पुसा आणि दोन तासांनी बोट फिरवा, रेघ उमटते. दम्याच्या माणसाला नेब्युलायझर लावायचा आणि मग त्याच धुळीत बाकावर बसवायचं, याला काय अर्थ आहे? एक गल्ली आत गेलात तर पेशंट हरवत नाहीत.

आवाजाला मेसेजवाले किरकोळ समजतात. माझ्या पहिल्या गाळ्याची भिंत पॉवरलूमला लागून होती. स्टेथोस्कोप कानात घातला तरी खटखट आधी ऐकू यायची आणि छातीतली बारीक करकर त्यात बुडून जायची. लाइट गेली की माग थांबायचे, तेवढ्यात मी दोन-तीन छात्या तपासून घ्यायचो. लोडशेडिंगची वाट बघणारा मी बहुधा शहरातला एकटाच माणूस असेन.

आता पाणी. उजनी धरण भरलं तरी आपल्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून घरोघरी बॅरल, आणि दवाखान्यातही. माझ्याच बॅरलमध्ये एकदा अळ्या निघाल्या, तेही डेंग्यूच्या दिवसांत. हा डास दिवसा चावतो, म्हणजे ऐन ओपीडीच्या वेळेत. तापाचा पेशंट बाकावर बसलेला असतो आणि डास तिथेच असतो. आठ-दहा दिवसांनी तोच डास शेजारच्याला डेंग्यू देऊ शकतो. बॅरल नुसता रिकामा करून भागत नाही, कडेला चिकटलेली अंडी सुकूनही महिनोन्‌महिने टिकतात. ब्रशने घासावा लागतो. हे महापालिका येऊन करणार नाही.

‘आजारी वस्ती म्हणजे ओपीडी’ या वाक्याची मला चीड येते. पण म्हणून सगळ्यांनी जुळे सोलापूरसारखी नवी वस्ती गाठावी, असंही मी म्हणत नाही. मागवाल्यांच्या आणि विडीवाल्यांच्या वस्तीत दवाखाना हवाच, फक्त तिथली हवा काय करते हे समजून घेऊन. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते आणि मग दोन-तीन दिवसांत उतरते, असं सांगणाऱ्या मागकऱ्याला मी सुरुवातीला अँटिबायोटिक लिहून देत होतो. ती कापसाची धूळ होती. खोकणाऱ्या बाईला “ओढता का?” विचारलं की ती हसते. “ओढत नाही साहेब, वळते.” सूप मांडीवर, तंबाखू सुपात, आणि लेकरू तिथेच शेजारी झोपलेलं. केसपेपरवर ‘व्यवसाय’ हा रकाना मी तेव्हापासून रिकामा सोडत नाही.

पार्किंगबद्दल माझा वाद नाही, असं लिहिणार होतो. पण माझे निम्मे पेशंट चालत येतात.