फवारणीचा ड्रोन का तापतो: एका फिरत्या संदेशाला उत्तर

उन्हाळा लागला की फवारणीचे ड्रोन चालवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरू लागतो. पंख्यांच्या वाऱ्यामुळे मोटार तापूच शकत नाही, गरम बॅटरी पाण्यात बुडवून लगेच चार्जिंगला लावावी, मोटार तापलीच तर ती बदलावी आणि ईएससी (मोटारीचा वेग नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) कोणत्याही कंपनीचा चालतो, असे त्यात म्हटलेले असते. जुन्नरच्या द्राक्षबागांपासून इंदापूरच्या उसापर्यंत अनेक चालक हा सल्ला विश्वासाने पाळतात, म्हणून त्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पंख्यांचा वारा मोटार थंड करतो हे खरे आहे. मात्र तो वारा भोवतालच्या हवेपेक्षा थंड नसतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे. येथे पारा 40 अंशांवर गेला की हवेची घनता समुद्रकाठच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 14 टक्के कमी भरते आणि तेवढेच वजन उचलायला 7 ते 8 टक्के जास्त शक्ती लागते. त्यात तांब्याच्या तारेचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्याने वाढतो, त्यामुळे तापलेली मोटार आणखी तापत जाते. भरलेली टाकी घेऊन बांधावर एकाच जागी तरंगत राहणे तर सावकाश पुढे जाण्यापेक्षाही जड पडते. दुपारी उडवणे टाळता येत नसेल तर टाकी अर्धीच भरावी.

सर्वांत घातक सल्ला बॅटरीचा आहे. लिथियम-पॉलिमर बॅटरी उतरवल्यावर वरून कोमट लागली तरी तिचे आतले सेल बराच वेळ अधिक गरम असतात. पाण्याने आवरण लवकर निवते, हाताला ती थंड वाटते आणि आतून गरम असलेलीच बॅटरी चार्जरला जोडली जाते. साधारण 45 अंशांच्या वर चार्जिंग केल्यास इलेक्ट्रोलाइटचे विघटन वाढते, वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. काही कंपन्यांनी आपल्या बंदिस्त बॅटरीसाठी पाण्याने थंड करण्याची सोय दिली आहे, पण त्यावरून कोणतीही बॅटरी बादलीत बुडवावी असे ठरत नाही. सावलीत, वारा खेळेल अशा जागी ती ठेवावी आणि तोवर दुसरा संच वापरावा. कनेक्टरही दर वेळी पाहावा, कारण 100 अँपिअर प्रवाहात केवळ 1 मिलिओहम जादा रोध असला तरी तेथे 10 वॅट उष्णता निर्माण होते आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही उडवू नये.

मोटार बदलण्याआधी ती का तापली हे शोधले पाहिजे. ड्रोन उतरताच इन्फ्रारेड थर्मामीटरने सर्व मोटारी मोजाव्यात. सर्वच सारख्या तापल्या असतील तर कारण वजनात किंवा हवामानात असते. एकच तापली असेल तर तिचे बेअरिंग, पाते आणि वर वाळलेला औषधाचा थर तपासावा. चार मोटारींच्या ड्रोनमध्ये समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन तापल्या असतील तर बहुधा एखादा आर्म, म्हणजे मोटार धरणारा दांडा, किंचित पिळलेला असतो आणि ड्रोन स्वतःभोवती फिरू नये म्हणून ती जोडी सतत जादा काम करते. अशा वेळी नवी मोटारही तशीच तापेल. मोटार बदलण्याची गरज कधीच नसते असे मी म्हणत नाही: नेहमीच्या प्रतीची निओडिमियम चुंबके सुमारे 80 अंशांपुढे कायमची दुर्बल होऊ शकतात, आणि अशी मोटार वरून धडधाकट दिसली तरी तेवढ्याच कामाला जास्त प्रवाह खाते.

ईएससीबाबत थोडक्यात सांगतो. त्याची प्रवाहक्षमता, उष्णता बाहेर टाकणारी पट्टी आणि फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) त्या मोटारीशी जुळवलेले असते. ड्रोन नियम 2021 नुसार प्रकार प्रमाणपत्र, म्हणजे ड्रोनच्या मॉडेलला मिळणारी मान्यता, विशिष्ट रचनेला मिळते, त्यामुळे भलताच भाग बसवला की आपला ड्रोन त्या रचनेचा राहत नाही. दुरुस्तीसाठी झाकण उघडल्यास गॅस्केट (पाणी आत जाऊ न देणारी झाकणाची पट्टी) नवी घालावी आणि उष्णतावाहक पेस्टही नव्याने लावावी. जुनी गॅस्केट नीट बसली नाही तर पुढच्या धुण्यात औषधाचे पाणी आत शिरते.