कुत्र्याच्या वाटणीचं

"कुत्र्याच्या वाटणीचंबी तुमीच खातासा जणू!"

परवा संध्याकाळी रंकाळ्यावर, भेळेच्या गाड्यांसमोर, चारचौघांत हे मला ऐकवण्यात आलं. ऐकवणाऱ्याची आणि माझी काडीची ओळख नव्हती. त्यानं आधी आमच्या पिंट्याच्या बरगड्यांकडं पाहिलं, मग माझ्या पोटाकडं पाहिलं आणि परस्पर हिशेब लावून टाकला. माझं वजन किती हा माझा आणि माझ्या डॉक्टरांचा प्रश्न आहे. पिंट्याचं वजन किती हा मात्र अख्ख्या कोल्हापूरचा प्रश्न झालाय.

पिंट्या मुधोळ आहे. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं, घोरपड्यांच्या जुन्या संस्थानाचं मुधोळ, तिथली ही शिकारी जात. आपल्याकडं कारवानी असंही म्हणतात. लांबट तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. धडधाकट मुधोळाच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच लागतात. दिसेनाशा झाल्या की जनावरांचे डॉक्टर मालकाला झापतात. २००५ साली टपाल खात्यानं ह्या जातीचं तिकीट काढलं. २०१६ मध्ये लष्करानं मुधोळची पिल्लं मेरठला शिकवायला नेली. म्हणजे टपाल खात्याला चालतो, फौजेला चालतो, फक्त रंकाळ्यावरच्या मंडळींना चालत नाही.

हिशेब लावणारे गृहस्थ सत्तरीतले. पांढरा नेहरू शर्ट, पांढरी विजार, आणि तालमीत चुरगळून गेलेले दोन्ही कान. आजूबाजूचे त्यांना 'वस्ताद' म्हणत होते, त्यामुळं उलट बोलायची माझी इच्छा निम्म्यावर आली.

"कंच्या जातीचं?"

माणसाला हा प्रश्न आडून आडून, गावाचं नाव नि पाहुणे विचारत विचारत विचारतात. कुत्र्याला थेट. ज्या गावात शाहू महाराजांनी १९०२ साली ५० टक्के राखीव जागांचा जाहीरनामा काढला, त्या गावात निदान कुत्र्याला तरी ह्यातून सूट मिळावी अशी माझी अपेक्षा होती.

"मुधोळ," मी म्हटलं.

"जात मुधोळ आसंल, पर हाल कशापायी?"

असं म्हणून ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पिंट्याची मांडी चिमटीत धरली. मग खांदा दाबला. मग मान. पिंट्या माझ्याकडं बघत उभा राहिला. "मांडी न्हाई. खांदा न्हाई. मान बरी हाय, पर नुसत्या मानंला घेऊन करायचं काय?"

"वस्ताद, हा पळायचा कुत्रा आहे. कुस्तीचा नाही."

"पळायला मांडी लागत न्हाई व्हय?"

बिनतोड. मागं भेळेचा द्रोण धरून उभ्या असलेल्या दोघी मावश्या हसल्या.

"खायाला काय घालतासा?"

आता मुळात ह्या प्रश्नाचं उत्तर मी का द्यावं? पण दिलं. सकाळी दोन अंडी नि भाकरी, रात्री चिकन-भात, रविवारी मटणाचं वेगळं पातेलं. माझ्या घरात माझ्यासाठी वेगळं पातेलं कधी चढलेलं नाही, हेही सांगितलं. वस्ताद शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग जातंय कुठं?" आणि पुन्हा एकदा माझ्या पोटाकडं पाहिलं. ह्या वेळी मावश्यांनीही पाहिलं.

पुढचं त्याहून वाईट. वस्तादांनी शेजारच्या टपरीवरून बिस्किटाचा पुडा घेतला. घरी बिस्कीट दिलं तर पिंट्या ते तोंडात धरतो, पलंगाखाली नेऊन ठेवतो आणि मुंग्यांना बोलावतो. इथं मात्र त्यानं गेल्या गणपतीपासून अन्नाचा कण पाहिला नसावा असं खाल्लं. कागद चाटला. मग, आम्ही कधीही न शिकवलेला पुढचा पाय उचलून वस्तादांच्या गुडघ्यावर ठेवला.

"पाया पडतंय बघा, बिचारं लेकरू," एक मावशी म्हणाली. दुसरीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पिंट्याला सावत्र बापासारखा वागवतो ह्याबद्दल शंकाच उरू नये.

मग खुराक सांगणं सुरू झालं. सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्यायचं आणि म्हशीचं धारोष्ण पाजायचं. दुपारी बदाम उगाळून. रात्री तुपातली चपाती, वर मूठभर तासगावचे बेदाणे. मी घाईनं म्हटलं, "बेदाणे नको हं. द्राक्षं-बेदाणे कुत्र्याला विषासारखे, मूत्रपिंडं निकामी होतात."

"आमचा बुलेट रोज खातोय."

आणि बुलेट आला. म्हणजे त्याला आणण्यात आलं. वस्तादांचा नातू दोन्ही हातांनी पट्टा धरून मागं झुकत आला आणि पुढं एक पिवळा लॅब्रॅडोर. पाठ इतकी रुंद की तिच्यावर भेळेचे चार द्रोण राहतील. मावश्यांचे चेहरे उजळले. "लॅब हाय! किती गोड!" लॅबला ही सवलत जन्मतः मिळते. त्यानं काहीही करावं, तो खेळत असतो.

बुलेट सरळ पिंट्याच्या तोंडावर चालून आला. शेपूट वर, ताठ, टोकाला नुसतं थरथरणारं. शेपूट हललं म्हणजे कुत्रं खूश, असं आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असतं, आणि ते अर्धंच खरं असतं. पिंट्यानं मान फिरवली. नाक चाटलं. एक लांब जांभई दिली. कुत्र्यांच्या भाषेत ही सगळी 'दादा, आपल्याला भांडण नको' अशी बोलणी असतात. मी सांगायला तोंड उघडलं, "जरा पट्टा मागं..."

"लॅब हाय ओ. लॅब काय करत न्हाई."

लॅबनं पिंट्याच्या मानेवर पुढचा पाय टाकला आणि कानाला दात लावले. पिंट्या मोठ्यानं केकाटला. झालं! अख्खा कट्टा एका सुरात माझ्यावर आला. "शिकारी कुत्रं हाय, गर्दीत आणतासा कशाला?" "तोंडाला जाळी बांधा की." "उपाशी हाय म्हणून चिडलंय." कान पिंट्याचा, रक्ताचा थेंब पिंट्याचा, आणि जाळीही पिंट्यालाच! बुलेटला त्या मावशीनं भेळेतला शेंगदाणा दिला, घाबरला असेल म्हणून.

इथं मला खरंच राग येतो. आमच्याच वेळेला एक कॉलेजचा पोरगा रॉटवायलर घेऊन येतो. समोरून माणूस दिसलं की तो पोरगा आधीच बाजूला होतो, कुत्र्याला बसवतो आणि कुणी काही बोलायच्या आत 'सॉरी' म्हणतो. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं २३ जातींवर बंदी घाला असं पत्र राज्यांना धाडलं, त्यात रॉटवायलर होता. ती बातमी त्या पोराला कट्ट्यावरच्या प्रत्येकानं मोबाईलवर दाखवली. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं, ती कुणी दाखवली नाही. त्याचा रॉटवायलर आणि पिंट्या रोज भेटतात. समोरासमोर येत नाहीत. दोघंही वळसा घेऊन बाजूनं येतात, पट्टे सैल, शेपटाखाली दोन-तीन सेकंद हुंगाहुंगी, की आपापल्या वाटेला. इतका सभ्य नमस्कार मला माझ्या सोसायटीत कुणी घालत नाही.

२०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून, त्यातल्या काही कुत्र्यांची जनुकं तपासून निघालं ते असं, की कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो. हे मी कट्ट्यावर सांगून पाहिलं. एक जण म्हणाला, "मग उरलेलं ९१ टक्के मालकावर," आणि परत माझ्या पोटाकडं पाहिलं. (गल्लीतल्या देसायांच्या पामेरियनबद्दल मात्र माझं मत ह्या अभ्यासानं बदललेलं नाही. तो त्या ९ टक्क्यांतला आहे.)

आणि हे कुठं चाललंय? संस्थानच्या काळात ज्या कोल्हापुरात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवत, तिथं. तेव्हा चित्त्याच्या बरगड्या मोजायला कुणी गेलं नसणार.

तर, केकाटून पिंट्या मागं सरला, मान खाली घातली आणि पट्ट्यातून निसटला. मुधोळाचं डोकं मानेपेक्षा अरुंद. साधा पट्टा त्याच्या कानांवरून सहज उतरतो. दुकानदार म्हणाला होता, "ह्यातनं हत्ती निसटायचा न्हाई." हत्तीचं डोकं मानेपेक्षा मोठं असतं, हे तेव्हा मला सुचलं नाही.

माझ्या हातात रिकामा पट्टा. पिंट्या कठड्याच्या कडेनं सुटला. आधी मागचे पाय पुढच्यांच्याही पुढं आले, पाठीची कमान झाली, मग सगळं अंग एका रेषेत लांब झालं आणि चारही पाय जमिनीवरून उठले. परत कमान, परत रेष. मावश्या किंचाळून बाकावर चढल्या, द्रोण सांडले. कुणी तरी "आलं, आलं" म्हणत गाडीमागं लपलं. पिंट्या पार संध्यामठाच्या दिशेनं ठिपका झाला, वळला, आणि मी "पिंट्याऽ" म्हणून ओरडेपर्यंत परत येऊन वस्तादांसमोर बसलासुद्धा. मोकळ्या पुड्याकडं बघत. धापसुद्धा नीट लागलेली नव्हती.

बुलेट एवढ्या वेळात खाली बसला होता.

वस्ताद कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मी पट्टा घालत होतो तेव्हा त्यांनी पुन्हा पिंट्याची मांडी चाचपली, ह्या वेळी जरा अदबीनं. मग मला बाजूला घेतलं, पोरंबाळं ऐकणार नाहीत इतक्या हळू आवाजात.

"मुधोळास्नं येक पिल्लू आणून देशीला का? पैशाचं काय न्हाई." मी हो म्हणणार तेवढ्यात माझा दंड दाबून म्हणाले, "पर जरा अंगानं भरलेलं बघा."