रामा शेट्टी ‘ओरडून’ गाजला म्हणे!

अभिनेते सदाशिव अमरापूरकरांवरचा एक मेसेज गेले काही दिवस ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. काल तो आमच्या आत्यानेही पाठवला, वर ‘खरंय हो’ असा शेरा मारून. ज्या बाईने ‘अर्धसत्य’ थिएटरात जाऊन पाहिलाय, तिने हे लिहावं? म्हणून हा खटाटोप.

मेसेजचं म्हणणं असं: या माणसाला अभिनयाचा गंध नव्हता, दिग्दर्शक गोविंद निहलानींना तो असाच कुठेतरी सापडला, डोळे वटारून आणि ओरडून त्याने ‘अर्धसत्य’मधला खलनायक रामा शेट्टी गाजवला, पुढे जन्मभर तोच गुंड केला, आणि हिंदीचा पैसा मिळाल्यावर मराठीला विसरला.

‘सापडला’चं आधी उरकते. अहमदनगरचा (आता अहिल्यानगर) हा माणूस सिनेमाआधी कैक वर्षं नाटकं करत होता. भक्ती बर्वे आणि अविनाश मसुरेकर यांच्यासोबतच्या ‘हँड्स अप’मध्ये निहलानींनी त्याला पाहिलं. रंगमंचावर पाहून निवडलं याला सापडणं म्हणत असतील, तर बोलणंच खुंटलं.

पण ‘ओरडून’? हे लिहिणाऱ्याने ‘अर्धसत्य’ (1983) पाहिलेला नाही, मी पैजेवर सांगते. ओम पुरींचा वेलणकर शेट्टीला अटक करायला जातो तो प्रसंग आठवा. इन्स्पेक्टर आतून उकळतोय आणि शेट्टीला त्याचं काहीच नाही. तो एक फोन लावतो. वरून हुकूम येतो आणि वेलणकरला हात हलवत परतावं लागतं. शेट्टी ओरडला असता तर तो नाक्यावरचा दादा ठरला असता. अंगात काडीचीही घाई नसल्यामुळेच तो नगरसेवकपदाला उभा राहणारा, व्यवस्था खिशात घालून बसलेला माणूस वाटतो. शेवटी वेलणकर मदत मागायला त्याच्याच दारात येतो, तेव्हाही हा तसाच थंड. त्या थंडपणामुळेच वेलणकरचे हात त्याच्या गळ्याला जातात. श्री. दा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा आणि समोर ओम पुरी. तिथे वटारलेल्या डोळ्यांवर कुणाचं निभावलं असतं? मोजून थोडे प्रसंग आहेत त्या माणसाला. तेवढ्यावर सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं.

‘जन्मभर तोच गुंड’ यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. ‘हुकूमत’ (1987) तुफान चालला आणि मग धर्मेंद्रसमोर उभा करायचा खलनायक म्हणून निर्मात्यांनी त्यांना पुरतं पिळलं. त्यातले काही सिनेमे आज बघवत नाहीत. ‘सडक’मधली (1991) महाराणी अफाट साकारली, खलनायकाचं पहिलंवहिलं फिल्मफेअर त्याच भूमिकेला गेलं, पण तृतीयपंथी म्हणजे क्रूर कुंटणखानेवाली, ही पटकथेची समज आज खटकते. खटकायलाच हवी. पण तो दोष लेखनाचा. आणि ‘आंखें’मधली भूमिका किंवा ‘कुली नं. 1’मधला लग्नं जुळवणारा शादीराम घरजोडे? तो कोणत्या टोळीचा गुंड होता म्हणे?

राहिलं मराठीला विसरणं. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा ‘वास्तुपुरुष’ 2002 चा, ‘सावरखेड एक गाव’ 2004 चा. दोन्ही हिंदीत नाव झाल्यानंतरचे, दोन्ही मराठी. शिवाय अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते उभे राहिले ते याच महाराष्ट्रात. 2013 च्या होळीत, राज्य दुष्काळाने होरपळत असताना, आपल्या वस्तीत पाण्याची उधळपट्टी चाललेली पाहून त्यांनी हटकलं आणि मार खाल्ला. तेव्हा वय साठीपलीकडचं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2014 मध्ये, ते गेले.

आत्याला हे सगळं पाठवलंय. तिचं उत्तर आलं, ‘अगं, मी नीट वाचलंच नव्हतं.’